घोडकाठच्या माळावरून तैमिरपर्यंत

पुणे-नगर रस्त्यावर कारेगावच्या शिवारात उभे राहा आणि समोरचं सगळं पुसून टाका. कंपन्यांच्या शेड, कंटेनरची रांग, उसाचे फड, पाटाचं पाणी, रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या. आता वीसेक हजार वर्षं मागे या.

पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, आणि हवेतला कोरडेपणा. उत्तर युरोप आणि कॅनडा मैलोन्‌मैल जाडीच्या बर्फाखाली गाडले गेले आहेत. इतकं पाणी बर्फात अडकलंय की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेलाय आणि कोकणचा किनारा पार पश्चिमेला सरकलाय. समुद्र थंड म्हणून पाऊस दुबळा. घोड नदीत खडक कापत जाण्याचा जोर उरलेला नाही, ती पसरट वाहते आणि गाळ टाकत जाते. या गाळाकडे नीट बघून ठेवा. गोदावरीच्या आणि घोडच्या अशाच जुन्या थरांतून पुढे रानबैलांचे, हत्तींचे जीवाश्म निघणार आहेत. तुमच्यासमोर तो रानबैल जिवंत उभा आहे: खांदा माणसाच्या डोक्याइतका उंच, शिंगं दोन्ही बाजूंना हातभर फाकलेली. आणि शहामृगसुद्धा याच मुलखातला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे त्याच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला आहे, त्यावर माणसाच्या हाताने कोरलेल्या आडव्या-तिरक्या रेघा आहेत. कुणीतरी गारगोटीचं टोक घेऊन, जीभ दातांत धरून ती नक्षी काढली असणार.

आता सतरा हजार वर्षं एका दमात पुढे या आणि नदीच्या कडेने खाली, आग्नेयेला चालत राहा. इनामगाव. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास इथे चौकोनी, मातीच्या भिंतींची घरं आहेत, नदीचं पाणी वळवायला बांध आणि चर आहे, आणि थंडीच्या या पहाटे शेतात जव डोलतोय. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी 1968 पासून 1983 पर्यंत हे गाव खणून काढलं, शंभरावर घरं उजेडात आणली. तुम्ही मात्र ते चुलीच्या धुरासकट बघताय. तांबड्या मडक्यावर काळ्या रंगाने रेघा ओढणारा हात दिसतो. एका घराच्या जमिनीखाली तान्हं मूल पुरलंय, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेत, त्यांच्या आत. आई त्याच जमिनीवर झोपते.

गावाबाहेर पडलात की माळ सुरू. कुसळी आणि पवन्या गवत कमरेपर्यंत, मधूनच हिवर, बोर, तरवड. काळवीट इतके की शिकाऱ्याला लांब जावं लागत नाही. आणखी दोनशे वर्षं थांबा. पाऊस कमी होतो, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवर पोट भरावं लागतं. शेती हरली तेव्हा इनामगावकरांना गवताने तारलं, आणि माझ्या मते या नदीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. पाणी संपल्यावरही माणूस इथे तीनशे वर्षं टिकला तो या माळाच्या जिवावर.

1830. घोडनदीला, म्हणजे शिरूरला, इंग्रजांची छावणी पडून काही वर्षं झालीत. विल्यम हेन्री सायक्स नावाचा लष्करी अधिकारी दख्खनभर गावं, पिकं, माणसं मोजत हिंडतोय आणि जाता जाता पशुपक्षी टिपून घेतोय. पुढच्याच वर्षी तो इथल्या लांडग्याचं शास्त्रीय वर्णन लंडनला छापून आणेल. चंडोलाच्या एका जातीला त्याचं नाव कायमचं चिकटेल. 2021 मधल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी आहे. त्याची नोंद झाली ती याच दख्खनच्या उघड्या मुलखातून.

गवतात बसा, हलू नका. शंभर पावलांवर माळढोकाचा नर उभा आहे, वजन दहा-बारा किलो, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. तो गळ्याची पिशवी फुगवतो, ती पायांपर्यंत लोंबते, शेपूट पाठीवर पंख्यासारखी उलटते, आणि छातीतून घुमणारा आवाज येतो, जो माळावर लांबवर जातो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला बंदूक झेपत नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफील्ड या एका माणसाने 1809 ते 1829 या वीस वर्षांत 961 माळढोक मारले. हा आकडा वाचताना दरवेळी मला घशात अडकल्यासारखं होतं. 1979 मध्ये सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. पुढे ते आक्रसत गेलं. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळपास संपलंय.

इथून तुम्हाला थेट उत्तरेला न्यायचं आहे, कारण या माळाचा आणि नदीचा एक धागा तिकडे बांधलेला आहे.

जून महिना, सायबेरियाचं उत्तर टोक, तैमिर द्वीपकल्प. सूर्य मावळतच नाही. वरची वीतभर माती वितळलीय, खाली कायमचं गोठलेलं. डासांचे ढग. दूर रेनडिअरचा कळप, एका उंचवट्यावर बर्फाळ घुबड. तुमच्या बुटाशेजारी, शेवाळाच्या खळग्यात, छोटा टिलवा चार अंड्यांवर बसलाय. चिमणीएवढा जीव, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. याच्यात बरेचदा मादी दोन घरटी करते, एकावर स्वतः बसते आणि दुसरं नराच्या हवाली करते, कारण इथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा असतो. ज्या वर्षी लेमिंग नावाचे उंदीर मुबलक असतात त्या वर्षी ध्रुवीय कोल्हा त्यांच्यावर पोट भरतो आणि अंडी वाचतात. लेमिंग घटले की कोल्हा घरट्यांकडे वळतो. त्या वर्षी आपल्याकडे कमी पिल्लं उतरतात.

ऑगस्टपासून ते निघतात. टिलव्यांचे काही थवे भारताकडे येतात, पाणथळींच्या कडेच्या चिखलात हिवाळा काढतात. चिंचणीच्या घोड धरणाच्या काठावर थंडीत बसलात तर काठावरच्या पातळ चिखलात चोच शिलाईच्या सुईसारखी खालीवर करत पळणारे टिलवे दिसतील.

रशियाने 1993 मध्ये तैमिरच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर ग्रेट आर्क्टिक राखीव क्षेत्र केलं, चाळीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं, म्हणजे आपला पुणे जिल्हा अडीच वेळा मावेल एवढं. ग्रीनलंडच्या ईशान्येला 1974 मध्ये झालेलं राष्ट्रीय उद्यान तर 9,72,000 चौरस किलोमीटरचं, तीन महाराष्ट्र बसतील, आणि तिथे कायम राहणारं कुणी नाही. आपल्या बाजूचा हिशेब असा: बारामती तालुक्यात सुपे इथे 1997 मध्ये चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं, 5.14 चौरस किलोमीटर. त्याच्या बाहेरचा माळ सातबाऱ्यावर पोटखराब, गावदप्तरात गायरान, आणि योजना आखणाऱ्याच्या नकाशावर मोकळी जागा. बर्फाचा मुलूख ओसाड दिसतो तरी जगाने तो जपण्याजोगा मानला. गवताच्या मुलखाला ते भाग्य मिळालं नाही. उलट हिरवाई म्हणून त्यावर चर खणून गिरिपुष्प लावलं गेलं, आणि गवत जगवणारं ऊन झाडांच्या सावलीत गेलं.

आता आजच्या कारेगावात या. 1990 च्या दशकात एमआयडीसी आली, जमिनी गेल्या, पगार आले, मुलं शिकली. ते नाकारायचं कारण नाही. कालव्याने ऊस आला, उसात बिबट्या आला, आणि शिरूर तालुक्यातल्या माणसांनी त्याची किंमत जिवाने मोजली. उसाच्या पुढे, कालवा पोचला नाही तिथे, अजून गायरानाचे तुकडे आहेत. धनगरांचे वाडे तिथे उतरतात. मेंढरांच्या मागे लांडगा असतो, खोकड असतं, उघड्या मुरमावर धाविक पळताना दिसतो. थंडीत मध्य आशियातून आलेले भोवत्ये गवतालगत घिरट्या घालतात आणि अंधार पडायच्या आत गवतातच मुक्कामाला उतरतात.

डिसेंबर-जानेवारीत लांडग्याची मादी ओढ्याच्या कडेला, भुसभुशीत मुरमात, बिळात पिलं देते. बिळाचं तोंड हातभर रुंद, आत वाकून शिरावं लागेल एवढं. याच दिवसांत वनीकरणाच्या खड्ड्यांची आणि सपाटीकरणाची कामं काढायची की नाहीत, हे ग्रामसभेत ठरतं, वनखात्याच्या आराखड्यात ठरतं. कुठल्या ओढ्याला बीळ आहे हे मेंढपाळाला माहीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला, तर आधी त्याला बोलू द्या.