दाट रानातील मृगया आणि लक्ष्याची ओळख : खेड–भीमाशंकर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे–नाशिक महामार्गावर भीमा नदीच्या काठी वसलेले खेड हे गाव हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे जन्मस्थान असल्याने आज राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. तालुक्याचे नाव मात्र खेड असेच राहिले आहे. या तालुक्याच्या एका टोकाला चाकणचा औद्योगिक पट्टा आहे, तर दुसऱ्या टोकाला भीमाशंकरचे दाट डोंगरी रान आहे. या रानात हरणवर्गातील प्राण्यांची वस्ती आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांचाही वावर आहे. जेथे हे दोघे एकाच झुडुपाआड असू शकतात, तेथे शिकाऱ्यापुढचा पहिला प्रश्न नेमबाजीचा नसून ओळखीचा असतो. समोर हलते आहे ते नेमके काय, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर भारतीय परंपरेने, महाराष्ट्रातील शिकारी जमातींनी आणि आधुनिक कायद्याने कसे दिले, आणि ते उत्तर विसरले गेल्यावर काय घडते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रानाचे स्वरूप आणि त्यातील मृगवर्ग

भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांसह रायगड व ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीतही पसरलेले आहे. शेकरू ही या अभयारण्याची सर्वपरिचित ओळख. जांभूळ, अंजन, हिरडा यांच्या छायेखाली कारवीची दाट वाढ असते. पुरुषभर उंचीच्या कारवीत काही हातांपलीकडचे दिसत नाही. पावसाळ्यात त्यात धुक्याची भर पडते.

या रानात सांबर, भेकर आणि पिसोरी हे तीन प्राणी आढळतात. सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोच्याही पुढे जाते. भेकर साधारण वीस-पंचवीस किलोचे, तांबूस रंगाचे असून त्याचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असतो. पिसोरी जेमतेम तीन किलोची, बिनशिंगी आणि अंगावर पांढरे ठिपके असलेली असते. पूर्ण दृष्टीस पडल्यास या तिघांत गल्लत होण्याचे कारण नाही. परंतु कारवीतून पूर्ण जनावर क्वचितच दिसते. एखादा कान, पाठीचा तुकडा किंवा हलणारी फांदी एवढेच दिसते आणि उरलेले चित्र पाहणाऱ्याचे मन पुरे करते. त्याच रानात महादेव कोळी व ठाकर समाजातील माणसे हिरडा गोळा करतात, सरपण आणतात, गुरे चारतात. त्यामुळे मनाने पुऱ्या केलेल्या चित्राची चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते.

अर्थशास्त्रातील मृगवन

शिकारीतील धोक्यांचा विचार कौटिलीय अर्थशास्त्रात स्पष्टपणे आलेला आहे. राजाच्या व्यसनांची तुलना करताना पिशुन या आचार्याने द्यूतापेक्षा मृगया अधिक घातक ठरविली. चोर, शत्रू, हिंस्र पशू, वणवा, ठेचकाळून पडणे, दिशाभूल, भूक व तहान अशी त्याने दिलेली कारणांची यादी आजच्या कोणत्याही रानवाटेला लागू पडेल. कौटिल्याने हे मत मान्य केले नाही. मृगयेमुळे व्यायाम होतो, स्थिर व चल लक्ष्याचा सराव होतो आणि क्रोध व भय यांच्या प्रसंगी पशूंच्या मनाची जाण येते, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र मृगयेचा पक्ष घेणाऱ्या याच ग्रंथाने राजाला मोकळ्या रानात पाठविलेले नाही. व्याध व श्वानपालक यांनी आधी निर्धोक केलेल्या मृगवनातच त्याने जावे, असे तेथे सांगितले आहे. या वनाला एकच द्वार असावे, भोवती खंदक असावा, झाडे काटेरी नसावीत, पाणी उथळ असावे आणि हिंस्र पशूंची नखे व दात काढलेले असावेत, अशी त्याची रचना आहे. म्हणजेच रानातून धोका आणि अनिश्चितता काढून टाकणे हा कौटिल्याचा उपाय होता. तो राजापुरताच शक्य होता. सामान्य शिकाऱ्याला रान आहे तसेच स्वीकारावे लागे.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेला राजाच्या विनोदांमध्ये स्थान मिळाले. दख्खनच्या दरबारी संस्कृतीत मृगया किती रुजली होती, याची ही साक्ष होय.

चुकलेल्या लक्ष्याच्या तीन कथा

शास्त्रग्रंथांपेक्षा कथांनी हा विषय लोकमानसात अधिक खोल नेला. चुकीच्या ओळखीतून घडलेल्या तीन मृत्यूंच्या कथा रामायण-महाभारतात महत्त्वाच्या वळणांवर येतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पहिली कथा दशरथाची. पावसाळ्याच्या रात्री शरयूच्या काठी घडा भरल्याचा आवाज त्याला हत्ती पाणी पीत असल्यासारखा वाटला. शब्दवेधाच्या कौशल्याचा त्याला अभिमान होता. बाण अचूक लागला, परंतु तो तपस्वी कुमाराला लागला. नेम चुकला नव्हता, ओळख चुकली होती. कालिदासाने रघुवंशात या प्रसंगी आणखी एक दोष दाखविला आहे. हत्ती मारणे राजाला निषिद्धच होते. म्हणजे दशरथाची ओळख बरोबर ठरली असती, तरी बाण सुटायला नको होता.

दुसरी कथा पांडूची. मृगरूपात असलेल्या किंदम ऋषीवर त्याने बाण सोडले. किंदमाचा आक्षेप राजाने मृगया केली असा नव्हता, तर समागमात असलेल्या जोडीवर न थांबता बाण सोडला असा होता. पांडूला ठाऊक नसल्यामुळे ब्रह्महत्येचा दोष लागणार नाही, हेही ऋषीने मान्य केले. शाप मात्र टळला नाही. अज्ञानाने पातक हलके होते, पण परिणाम हलका होत नाही, हा भेद या कथेत सूक्ष्मपणे केलेला दिसतो.

तिसरी कथा मौसलपर्वातील जरा व्याधाची. रानात योगस्थ पहुडलेल्या श्रीकृष्णाला हरीण समजून त्याने बाण मारला. शिकार उचलण्यासाठी जवळ गेल्यावर त्याला पीतांबर नेसलेला पुरुष दिसला. जे वस्त्र बाण सोडण्यापूर्वी दिसायला हवे होते, ते नंतर दिसले. हरणाच्या शिकारीत आजही होणाऱ्या अपघातांचे स्वरूप याहून वेगळे नसते.

या तीनही कथांत मारणारा कुशल आहे आणि कोणाचाही हेतू मनुष्यवधाचा नाही. दोष आहे तो अपुऱ्या खुणेवर पूर्ण विश्वास ठेवण्याचा.

हाका आणि मचाण

ब्रिटिश अमदानीत शिकारीचे स्वरूप बदलले. ठासणीच्या बंदुकीची जागा काडतुसाच्या बंदुकीने आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारूच्या वेगवान रायफलने घेतली. गोळी नजरेच्या टप्प्यापलीकडे जाऊ लागली. त्यामुळे लक्ष्य ओळखण्याबरोबरच लक्ष्याच्या मागे काय आहे, हे जाणणेही आवश्यक झाले. दाट झाडीत डहाळीला लागून गोळीची दिशा बदलते, ही आणखी एक अडचण होती.

हाक्याच्या शिकारीत हा धोका सर्वाधिक असे. गावकरी रांगेने डबे-ढोल वाजवीत जनावरे पुढे काढत आणि बंदूकधारी समोर बसत. अशा वेळी हाकारे जवळ आल्यावर त्यांच्या दिशेने गोळी झाडू नये, शेजारच्या बंदुकीच्या रेषेत नळी फिरवू नये, हाका संपल्याचा इशारा होईपर्यंत मचाणावरून उतरू नये, असे दंडक पाळले जात. मचाणाचा उपयोग केवळ हिंस्र जनावरापासून बचावासाठी नव्हता. उंचावरून झाडलेली गोळी जमिनीत रुतते आणि पलीकडच्या माणसापर्यंत पोहोचत नाही, हाही त्याचा लाभ होता. तथापि या व्यवस्थेतील विषमता नजरेआड करता येत नाही. मचाण साहेबाला किंवा संस्थानिकाला मिळे, तर मजुरीवर आलेला हाकारा झुडुपांतून पायी चाले. त्याची सुरक्षितता सर्वस्वी दुसऱ्याच्या संयमावर अवलंबून होती.

फासेपारध्यांची रीत

महाराष्ट्रातील शिकारी जमातींचा विचार केल्याशिवाय हा आढावा पूर्ण होणार नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास केला. या जमातींनी भक्ष्य आणि साधने आपसांत वाटून घेतलेली त्यांना आढळली. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने, तर फासेपारधी फासे लावून शिकार करीत. फाशात सापडलेले पाडस किंवा गाभण मादी सोडून देण्याची रीत फासेपारध्यांमध्ये होती, ही या अभ्यासातील महत्त्वाची नोंद होय. फाशाला स्वतःची दृष्टी नसते. ती उणीव जवळ थांबलेला पारधी भरून काढी. बंदुकीत ओळख आधी आणि घाव नंतर असावा लागतो. फाशात पकड आधी आणि ओळख नंतर होत असली, तरी जीव घेण्यापूर्वी ती होई.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या धोरणात पारध्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. ज्यांच्याजवळ रानाचे बारकाईचे ज्ञान होते, त्यांच्या ज्ञानाचीही त्याबरोबर उपेक्षा झाली.

कायद्याने मागितलेली ओळख

१८७८ व १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलातील शिकारीवर नियंत्रण आणले. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने शिकारबंदीचा काळ ठरविण्याची तरतूद केली. मुंबई राज्यात १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या मूळ पंधराव्या कलमाने पिल्ले, माद्या आणि मखमली साल असलेल्या शिंगांचे हरीण यांची शिकार विशेष परवान्याशिवाय निषिद्ध केली होती. हे कलम पाळायचे तर शिकाऱ्याला जात, वय, लिंग आणि शिंगांची अवस्था इतके सर्व गोळी झाडण्यापूर्वी दिसणे भाग होते. ज्याला हे दिसेल, तो झुडुपाआडच्या माणसाला हरीण समजणार नाही. सतराव्या कलमाने सूर्यास्तानंतरची शिकार, कृत्रिम प्रकाशाचा वापर, पाणवठ्यावरची शिकार तसेच फासे, विष व स्फोटके यांना मनाई केली होती. हेतू वन्यजीवांच्या रक्षणाचा असला, तरी अंधारातील अंदाजाला बंदी घालून या कलमाने माणसांचेही रक्षण केले.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपुष्टात आले. तेव्हापासून विहित परवानगीचे मोजके अपवाद वगळता संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि कायद्याच्या व्याख्येनुसार जनावर हाकणे हीदेखील शिकारच ठरते. न्यूझीलंडसारख्या देशात हरणांची शिकार आजही कायदेशीर आहे. तेथील शस्त्रविषयक नियमांत लक्ष्याची निःसंशय ओळख पटविणे हा स्वतंत्र नियम आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी वस्त्र सक्तीचे आहे. हा रंग हरणाला नीट वेगळा ओळखता येत नाही, माणसाला मात्र दुरून दिसतो. जरा व्याधाला जे पिवळे वस्त्र वेळेवर दिसले नाही, त्याचीच ही आधुनिक तजवीज म्हणता येईल.

चोरट्या शिकारीचा धोका

बंदी आली तरी शिकार पूर्णपणे थांबली नाही. ती रात्रीत आणि गुप्ततेत गेली. बॅटरीच्या झोतात चमकणारे डोळे हीच तेथे ओळख ठरते, पण गाय, शेळी आणि कुत्रा यांचेही डोळे तसेच चमकतात. डुकरासाठी सोडलेला वीजप्रवाह किंवा लावलेला स्फोटक गोळा तर कोणतीच ओळख मागत नाही. फास लावून निघून जाणारा आजचा शिकारी आणि फाशाजवळ थांबणारा पारधी यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातील मनोरजवळील बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्यांना डुक्कर समजून गोळी झाडली. त्यात मनुष्यहानी झाली, आणि सोबत्यांनी पोलिसांना कळविण्याऐवजी मृतदेह झुडुपांत लपविला. चूक जरा व्याधाचीच होती, परंतु जरा व्याधाने जवळ जाऊन आपली चूक ओळखली आणि पाय धरले. गुन्ह्याच्या भीतीने येथे ती वाटही बंद झाली. चोरट्या शिकारीत सोबती कोठे आहेत याचा इशारा मोठ्याने देता येत नाही आणि अपघात झाल्यास मदतीची हाकही मारता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, दाट रानातील सुरक्षितता शस्त्रापेक्षा ओळखीवर अवलंबून राहिली आहे. कौटिल्याने त्यासाठी रान निर्धोक करायला सांगितले, कथांनी आवाजावर व अर्धवट दर्शनावर विसंबण्याचा परिणाम दाखविला, पारध्याने पकड व वध यांच्यामध्ये विवेकाला जागा ठेवली आणि कायद्याने दिवसाचा उजेड व पूर्ण दर्शन यांची अट घातली. आज भीमाशंकरच्या रानात हरणावर शस्त्र उचलण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही ओळखीचा हा धडा कालबाह्य झालेला नाही. सरपणाची मोळी घेऊन कारवीतून वाट काढणाऱ्या बाईचा जीव आजही पलीकडच्या माणसाच्या संयमावर अवलंबून आहे. खात्री नसेल तर हात आवरावा, हाच या दीर्घ परंपरेचा निष्कर्ष होय.