विवर्तन जालकाचा विद्युत् चुंबकीय सिद्धांत

विवर्तन जालकाचा विद्युत् चुंबकीय सिद्धांत : समान अंतरावर पुनःपुन्हा येणाऱ्या खाचा किंवा पट्टे असलेल्या पृष्ठावर तरंग पडला असता तो कोणत्या दिशांनी व किती प्रमाणात विखुरतो, हे मॅक्सवेल समीकरणांवरून काढण्याचे शास्त्र. यांपैकी दिशा काढणे सोपे असते. त्या खाचांमधील अंतर, तरंगलांबी व आपाती कोन यांवरून ठरतात. प्रत्येक दिशेस किती ऊर्जा जाते, हे मात्र खाचेचा आकार, तिचा पदार्थ आणि प्रकाशाचे ध्रुवण यांवरही अवलंबून असते. त्याचे बिनचूक गणित करण्यात विसाव्या शतकाचा बराच भाग खर्ची पडला.

प्रारंभ : १९०२ मध्ये अमेरिकन भौतिकीविज्ञ आर्. डब्ल्यू. वुड यांना धातूच्या जालकाच्या वर्णपटात विलक्षण गोष्ट आढळली. तरंगलांबीत अत्यल्प फरक होताच तेजस्वी भाग एकदम काळोखा होत असे. १९०७ मध्ये लॉर्ड रॅली यांनी दाखविले की, विवर्तित तरंगांपैकी एखादा पृष्ठाला घासून जाऊ लागतो, त्या तरंगलांबीस असे घडते. १९४१ मध्ये ऊगो फानो यांनी या घटनेच्या विस्तृत प्रकाराचा संबंध धातूच्या पृष्ठालगत चालणाऱ्या तरंगांशी जोडला.

रॅली गृहीतक : गणितासाठी रॅली यांनी असे मानले होते की, जालकापासून दूर जाणाऱ्या तरंगांची श्रेढी खाचांच्या आतही लागू पडते. १९५३ मध्ये बी. ए. लिपमन यांनी त्यावर आक्षेप घेतला. खाचेच्या आत तिच्या तळाकडे जाणारे तरंगही असू शकतात. १९६६ मध्ये रॉझे पती व मिशेल कादिलाक या फ्रेंच शास्त्रज्ञांनी आदर्श संवाहकाच्या ज्या-वक्राकार जालकासाठी हा वाद निकालात काढला. खाचेची खोली दोन खाचांमधील अंतराच्या सु. ०·१४२ पटीहून अधिक असेल, तर गृहीतक टिकत नाही. त्याहून उथळ खाचांसाठी ते ग्राह्य असल्याचे पुढे आर्. एफ्. मिलर यांनी सिद्ध केले.

संगणकीय पद्धती : संगणक उपलब्ध झाल्यावर समाकल समीकरणांच्या व अवकल समीकरणांच्या पद्धती विकसित झाल्या. मार्से येथील संशोधकांचा त्यांत मोठा वाटा होता. १९७६ मध्ये एम्. सी. हटली व दानीएल मेस्त्र यांनी दाखविले की, योग्य खोलीच्या उथळ खाचा असल्यास एरवी चकाकणारे सोने विशिष्ट कोनातून येणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. गणिताने आधी वर्तविलेली ही घटना प्रयोगाने खरी ठरली.

१९८१ मध्ये मोहरम व गेलॉर्ड यांनी युग्मित तरंगांची काटेकोर पद्धती मांडली. तीत पदार्थाचे गुणधर्म व क्षेत्र दोन्ही फूर्ये श्रेढीत मांडून मोजकी पदे घेतली जातात. खाचांना लंब विद्युत् क्षेत्र असलेल्या ध्रुवणात, विशेषतः धातूंसाठी, ती फार मंद गतीने अभिसारी होई. १९९६ मध्ये लालान व मॉरिस, तसेच ग्राने व गिझाल यांनी उपाय शोधला आणि लीफंग ली यांनी त्याचे गणिती कारण दिले. सीमेवर पदार्थाचा गुणधर्म व विद्युत् क्षेत्र दोन्ही एकाच जागी उडी घेतात, पण त्यांचा गुणाकार अखंड राहतो. अशा गुणाकाराची श्रेढी तोडताना नेहमीचा नियम चालत नाही. गुणधर्माच्या व्यस्ताची श्रेढी घ्यावी लागते.

महत्त्व : अपव्ययरहित पदार्थात आपाती व विखुरलेली ऊर्जा समान येणे, ही उत्तराची आवश्यक कसोटी होय, पण ती पुरेशी नाही. फारच थोडी पदे घेऊन काढलेले चुकीचे उत्तरही ती पार करू शकते. म्हणून पदांची संख्या वाढवून उत्तर स्थिर राहते का, हे पाहावे लागते व स्वतंत्र पद्धतीने पडताळा घ्यावा लागतो. या दक्षतेला व्यावहारिक मोल आहे. अर्धसंवाहक उद्योगात प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून वेगळ्या न दिसणाऱ्या रेषांची रुंदी व खोली, त्यांनी विखुरलेल्या प्रकाशाची गणिताशी तुलना करून काढतात. तेथे गणितातील दोष थेट मापनात उतरतो.