घर हेंच पहिलें देऊळ

देवळाचा महोत्सव आला कीं, पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा केव्हां टांगली, वेदीला किती खर्च आला, हा हिशेब स्मरणिकेंत मांडण्याची रीत आहे. ती रीत योग्यच आहे. आम्ही मात्र प्रिय धर्मबांधवांपुढें दुसरा एक हिशेब ठेवूं इच्छितों. ठाणें, साष्टी व वसई या आपल्या टापूंत गेलीं सातशें वर्षें ख्रिस्ती श्रद्धा कशाच्या आधारावर टिकली? दगडी भिंतींच्या, कीं घरांतल्या चुलीच्या? इतिहासाचीं पानें जों जों उलटावीं, तों तों आम्हांस घराचेंच पारडें जड दिसतें.

प्रथम ठाण्याकडे पाहूं. इ. स. १३२१ मध्यें तोलेंतीनोचा थोमस, पादुआचा याकोब, सिएनाचा पेत्र व तिफ्लीसचा देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन बंधु समुद्रमार्गें ठाण्यास उतरले. त्या वेळीं ठाण्यांत नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें ओदोरिक या प्रवासी फ्रान्सिस्कनानें लिहून ठेवलें आहे. त्यांतल्याच एका घरीं या पाहुण्यांस आसरा मिळाला. पुढें काय झालें? घरच्या धन्याचें व त्याच्या बायकोचें भांडण जुंपलें आणि त्यानें तिला मारलें. ती काजीकडे दाद मागण्यास गेली. काजीनें साक्षीदार विचारतां तिनें घरीं उतरलेल्या चार धर्मगुरूंचीं नांवें सांगितलीं. त्यांना बोलावणें आलें, बोलतां बोलतां धर्माचा वाद निघाला, व त्या वादाचा शेवट चौघांच्या रक्तसाक्षीनें झाला.

त्या चौघांच्या धैर्याचें स्मरण आपण करतों, तें योग्य आहे. परंतु या कथेचा आरंभ आपण सहसा वाचीत नाहीं. ज्या घरानें परक्यांस भाकरी व निवारा देऊन ख्रिस्ताचें पाहुणचाराचें वचन पाळलें, त्याच घरांत स्त्रीवर हात उगारला गेला. एकाच छपराखालीं पुण्य व पाप शेजारीं शेजारीं बसलें होतें. आजहि कित्येक घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्रापुढें दिवा अखंड जळतो आणि त्याच दिव्याच्या उजेडांत पत्नीच्या डोळ्यांतून पाणी वाहतें. अशा घरांतल्या मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गांत आम्ही ‘देव प्रीति आहे’ असें कितीहि वेळां सांगितलें, तरी त्याचा धडा घरीं आधींच पाठ होऊन चुकलेला असतो.

आतां वसईकडे वळूं. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईस इ. स. १५५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई याच मातीची. तरुणपणीं ते जपानांत गेले, तेथें व्यापार केला, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून शिरले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं प्राण अर्पण केला. इ. स. १८६२ मध्यें ख्रिस्तसभेनें त्यांना संत म्हणून जाहीर केलें. मुलाचें नांव वेदीवर गेलें, आई घरांतच राहिली. परंतु पौल प्रेषितानें तीमथ्याला लिहितांना त्याच्या श्रद्धेचें मूळ दाखविलें, तें त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायीं. संतांच्या चरित्राचें पहिलें पान बहुधा स्वयंपाकघरांत लिहिलें जातें.

श्रद्धा घरांत रुजावयाची तर ती घरच्या भाषेंत यावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण गोव्याकडे १६१६ सालीं छापून निघालें, हें आपणांस ठाऊक आहे. पण आपल्या उत्तर कोंकणासाठींहि एक पुराण झालें. फ्रान्सिस्को व्हाज द गिमाराईश यांनीं प्रभूच्या दुःखसहनाची कथा येथल्या मराठी बोलींत ओंवीबद्ध केली व ती रोमन लिपींत लिस्बन येथें १६५९ सालीं छापली गेली. उपवासकाळांत ती मोठ्यानें गाण्याची चाल येथील ख्रिस्ती लोकांत दीर्घकाळ होती. तिची पुनरावृत्ति मुंबईस १८४५ सालीं निघाली. तोंपर्यंत वसईवरचें पोर्तुगीज निशाण उतरून शंभर वर्षें लोटलीं होतीं. राज्य गेलें तरी पुस्तकाला गिऱ्हाईक होतें, कारण तें लोकांच्या कंठांत होतें.

हें निशाण कसें उतरलें तेंहि थोडक्यांत सांगूं. मराठ्यांनीं ठाणें १७३७ मध्यें घेतलें व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांपुढें वसईचा किल्ला पडला. परदेशी धर्मगुरू निघून गेले, मठ ओस पडले, मोठमोठ्या देवळांच्या भिंतींतून पिंपळ उगवले. लोकांची निगा मोजक्या देशी धर्मगुरूंवर आली. अशा वेळीं श्रद्धा विझावी, असेंच कोणीहि म्हटलें असतें. पण १७६० मध्यें आंकेतील-द्युपेरों हा फ्रेंच विद्वान साष्टींतून गेला, तेव्हां त्याला ख्रिस्ती गांवें नांदतीं दिसलीं, देशी धर्मगुरू त्यांचा कारभार पाहत होते व उपासना उघडपणें चालली होती. याचें श्रेय मराठी राज्याच्या उदारपणाला द्यावें, त्या धर्मगुरूंना द्यावें. परंतु घरोघरींच्या आईबापांनाहि द्यावें. मिस्सा रविवारीं, आणि तीहि दुर्मिळ झाली तरी, जपमाळेला धर्मगुरू लागत नव्हता. मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करण्यास पदवी लागत नव्हती.

आपली डोंबिवली या इतिहासाच्या कांठावर आहे. वसई-ठाण्यासारखें पोर्तुगीज काळचें जुनें देऊळ येथें नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली, आणि त्याच लोखंडी वाटेनें पुढें आपलीं कुटुंबें येथें आलीं. कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे, कोणी नगर जिल्ह्यांतले. प्रत्येकाच्या ट्रंकेंत एक क्रुस, एक जपमाळ व आजीनें शिकविलेल्या प्रार्थना होत्या. येथें श्रद्धा गलबतांतून उतरली नाहीं. ती बिऱ्हाडाबरोबर आली. आधीं घरें आलीं, देऊळ मागाहून उभें राहिलें.

म्हणून द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें १९६४ मध्यें कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटलें, तेव्हां आपल्यासाठीं तिनें नवें कांहीं सांगितलें नाहीं, जुनेंच नांवारूपास आणलें. प्रभूनेंहि आपल्या आयुष्यांतलीं सुमारें तीस वर्षें नासरेथच्या घरांत काढलीं आणि शिकविण्यास निघाला तेव्हां दाखले घेतले ते घरांतलेच: पिठांत लपविलेलें खमीर, हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून घर झाडणारी बाई, मध्यरात्रीं भाकरी मागणारा शेजारी. आपल्या घरांतहि असे दाखले रोज घडतात. आई रात्रीं दुधांत चमचाभर विरजण घालून झांकण ठेवते. तें ना बोलतें, ना दिसतें. सकाळीं सारें भांडें बदललेलें असतें. शेवटच्या गाडीनें येणाऱ्या मुलासाठीं ताट झांकून जागी राहणारी माउली, धन्याची वाट पाहणाऱ्या सेवकांच्या दाखल्याचा अर्थ आमच्या प्रवचनाहून स्पष्ट सांगते.

आतां जें खरें भय आहे तें बोलूं. परदेशी धर्मगुरू गेले तरी घरें टिकलीं. पण आज धर्मगुरू आहे, देऊळ आहे, वेदीवर फुलें आहेत, आणि घरच रिकामें होत चाललें आहे. बाप पहांटेच्या लोकलनें जातो तो रात्रीं येतो, आईहि कामाला जाते, मुलें शिकवणीला. सारीं एकत्र आलीं तरी प्रत्येकाचें तोंड आपापल्या फोनकडे. यांत आम्ही कोणास दोष देत नाहीं. पोटासाठीं गाडीला लोंबकळणाऱ्या माणसाला उपदेश करणें सोपें आहे. मागणें एवढेंच कीं, जें थोडें उरतें तें वांया जाऊं देऊं नये. जपमाळेचे पांच दशक जमत नसतील तर एक म्हणा, पण मिळून म्हणा. निजण्यापूर्वीं मुलांनीं वडील माणसांचा आशीर्वाद घ्यावा व वडील माणसांनीं तो हात डोक्यावर ठेवून द्यावा. सूर्य मावळण्यापूर्वीं राग सोडावा, असें पौलानें सांगितलें आहे. डोंबिवलीकराचा सूर्य गाडींतच मावळतो, तेव्हां त्यानें निदान दिवा मालवण्यापूर्वीं तरी तो सोडावा. आणि ज्या घरांत हात उगारला जातो, तेथें तो आजच खालीं यावा. सोसणाऱ्या भगिनीनें तें दुःख क्रुस समजून झांकून ठेवूं नये. ठाण्याच्या त्या बाईनें दाद मागितली, तो तिचा अपराध नव्हता.

प्रिय बंधुभगिनींनो, देवळाची डागडुजी वर्गणीनें होईल. घराची डागडुजी ज्याची त्यानेंच करावयाची आहे. येणाऱ्या महोत्सवीं आपलीं नातवंडें या देवळांत गुडघे टेकतील, तर तें टेकणें तीं आपल्या घरांत शिकलेलीं असतील. नासरेथचें पवित्र कुटुंब आपल्या प्रत्येक बिऱ्हाडावर कृपादृष्टि ठेवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.