रिटायर होऊन तळ्याकाठी मासे पकडत बसायचंय? आधी ते तळं कुणाचं आहे ते बघा

तारीख १९ मे २०२०. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात धो धो पाऊस झाला आणि संध्याकाळी एडनव्हिल नावाचं धरण फुटलं. मातीचा बांध घसरून पाणी बाहेर पडतानाचा व्हिडीओ तेव्हा जगभर फिरला. तो पाहिलेल्यांनी पूर बघितला. पण धरणाच्या मागच्या बाजूला काय झालं, हे फार कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागे विक्सम नावाचं तळं होतं. काठावर घरं, घरासमोर पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, धक्क्याला बांधलेली बोट. त्यात नोकरीतून निवृत्त होऊन कायमचे राहायला आलेले बरेच जण होते. धरण फुटलं आणि तळं रिकामं झालं. उरला तो चिखल, जुन्या झाडांचे बुंधे आणि आडव्या पडलेल्या बोटी. म्हणजे घर जागेवर, पण ज्या पाण्यासाठी घर घेतलं ते पाणीच गायब.

खालच्या अंगाला असलेलं सॅनफर्ड धरणही त्याच पुरात गेलं आणि सुमारे १० हजार लोकांना घरं सोडावी लागली. पुण्याच्या जुन्या लोकांना १२ जुलै १९६१ चं पानशेत आठवेल, प्रकार तसाच.

आता मूळ विषयावर येऊ. अमेरिकेत निवृत्तीनंतर मासेमारीच्या तळ्यावर घर घेऊन राहणं हे खूप जणांचं स्वप्न असतं. सत्तरच्या दशकात तिकडे गेलेले आपले इंजिनियर आणि डॉक्टरही आता त्याच वयाचे झालेत. असं घर शोधताना माणूस पहिला प्रश्न विचारतो, मासा कुठला लागतो? प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे.

तळं म्हणतात, पण असतं धरण

अमेरिकेच्या उत्तरेकडे, म्हणजे मिनेसोटा वगैरे भागात, खरी नैसर्गिक तळी आहेत. एकट्या मिनेसोटात १० एकरांपेक्षा मोठी ११,८४२ तळी मोजलेली आहेत. पण अलाबामा, टेनेसी, टेक्सास, जॉर्जिया या राज्यांत ज्याला 'लेक' म्हणतात ते बहुतेक वेळा नदीवर धरण बांधून अडवलेलं पाणी असतं. आपल्या भाषेत बॅकवॉटर.

आणि धरण म्हटलं की मालक आला. हा मालक पाणी किती ठेवायचं, कधी सोडायचं, काठावर कुणी काय बांधायचं हे ठरवतो. मालकाचं मुख्य काम असतं पूर अडवणं, वीज बनवणं किंवा शहराला पाणी देणं. तुमच्या धक्क्याखाली पाणी राहावं ही त्याची जबाबदारी नसते.

टेनेसी व्हॅली अथॉरिटीचं उदाहरण घ्या. १९३३ साली रूझवेल्ट यांच्या काळात स्थापन झालेली ही सरकारी संस्था, तिला टीव्हीए म्हणतात. टेनेसी नदी आणि तिच्या उपनद्यांवर तिची धरणं आहेत. त्यातलंच अलाबामातलं गंटर्सव्हिल, सुमारे ६९ हजार एकरांचं. गळ टाकणाऱ्यांची ही पंढरीच. बास माशाच्या मासेमारीची सर्वांत मोठी स्पर्धा, बासमास्टर क्लासिक, इथे १९७६, २०१४ आणि २०२० साली झाली. इथली पाण्याची पातळी उन्हाळा आणि हिवाळा यांत जेमतेम दोन फूट हलते. त्यामुळे धक्का बाराही महिने कामाचा.

त्याच टीव्हीएचं टेनेसीतलं डग्लस तळं बघा. पुराच्या पाण्याला जागा व्हावी म्हणून ते दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ४० फुटांच्या आसपास उतरवतात. जुलैमध्ये घर बघायला गेलात तर पाणी अंगणाशी. जानेवारीत गेलात तर समोर लाल मातीचा उतार आणि पाणी कुठेतरी लांब खाली. ज्यांनी मे महिन्यात पानशेत किंवा पवना बघितलंय त्यांना हे चित्र नवीन नाही, फक्त ऋतू उलटे. घरांच्या जाहिरातीत फोटो अर्थातच जुलैचा असतो.

घर माझं, मग काठ कुणाचा?

इथे भलेभले फसतात. 'वॉटरफ्रंट' लिहिलेल्या घराची हद्द पाण्यापर्यंत जातेच असं नाही. मध्ये बऱ्याचदा सरकारी जमिनीची पट्टी असते.

टीव्हीएच्या तळ्यांवर धक्का, भिंत, बोटीचं छप्पर असं काहीही करायचं तर त्यांची परवानगी लागते. ती कायद्याच्या २६ ए या कलमाखाली मिळते, म्हणून तिकडे लोक तिला नुसतं 'ट्वेंटी सिक्स ए' म्हणतात. काठाच्या काही पट्ट्यांना असा हक्क मुळातच नाही. म्हणजे घरातून पाणी दिसेल, पण स्वतःचा धक्का कधीच होणार नाही. शिवाय जुन्या मालकाची परवानगी घराबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो.

अटलांटाजवळच्या लेनियर तळ्यावर तर हिशोब आणखी कडक आहे. ते अमेरिकी लष्कराच्या इंजिनियर विभागाच्या ताब्यात आहे आणि खासगी धक्क्यांची कमाल संख्या त्यांनी १०,६१५ अशी ठरवून टाकली आहे. तिथे परवाना असलेल्या घराची किंमत आणि नसलेल्या घराची किंमत ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

टेक्सास आणि लुईझियानाच्या सीमेवरचं टोलेडो बेंड तळं सुमारे १ लाख ८५ हजार एकरांचं. बासमास्टर मासिकाने २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं त्याला देशात पहिला नंबर दिला. मासे भरपूर, किमती त्या मानाने परवडणाऱ्या. पण इथेही पाण्यालगतची जमीन नदी प्राधिकरणांची. तळ्याची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून १७२ फूट आणि प्राधिकरणाची हद्द त्याच्याही वरच्या रेषेपर्यंत. त्या पट्ट्यात काही करायचं तर परवाना किंवा भाडेपट्टा.

आपल्याकडे सातबारा बघितल्याशिवाय कुणी जमीन घेत नाही. तिकडे सातबाऱ्याच्या जागी डीड आणि मोजणीचा नकाशा असतो. तो बघायचा तो याच रेषेसाठी.

धरण म्हातारं झालं तर खर्च कोण करणार?

विक्सम तळ्याचं धरण एका खासगी कंपनीचं होतं. सांडवा मोठ्या पुरासाठी पुरेसा नाही म्हणून केंद्रीय नियामकाने २०१८ सालीच कंपनीचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला होता. धरण फुटल्यानंतर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मग राज्य सरकारने चार धरणांच्या दुरुस्तीसाठी २० कोटी डॉलर दिले. ते पुरेनात, तेव्हा उरलेला भार काठावरच्या मालमत्तांवर विशेष आकारणी करून वसूल करायचं ठरलं. काही रहिवासी त्याविरोधात कोर्टात गेले. त्यांचं दुखणं समजण्यासारखं आहे. पेन्शनीत बसवलेला महिन्याचा हिशोब, त्यात तळं नाही आणि वरून तळ्याचं बिल.

टेक्सासमध्ये ग्वादालूपे नदीवर याचा दुसरा अवतार बघायला मिळाला. तिथल्या डनलॅप तळ्याच्या धरणाचा एक दरवाजा १४ मे २०१९ रोजी भरदिवसा कोसळला. सुरक्षा कॅमेऱ्याने टिपलेला तो व्हिडीओही गाजला. धरण १९२८ ते १९३२ या काळातल्या बांधणीचं, दरवाजे त्याच जमान्यातले. तळं उतरलं. मग काठावरच्या घरमालकांनी आपला एक पाणी जिल्हा बनवला, २०२० साली मतदान करून स्वतःवरच कर बसवून घेतला आणि त्या पैशातून नवे दरवाजे बसले. २०२३ साली तळं पुन्हा भरलं. शेवट गोड झाला खरा, पण चार वर्षं लागली. सत्तरीतल्या माणसाला चार वर्षं म्हणजे थोडी नाहीत.

म्हणून घर बघताना धरण कधी बांधलं, ते कुणाच्या मालकीचं आहे आणि दुरुस्तीचा पैसा कुठून येतो, हे विचारायला लाजायचं नाही. धरण खासगी असेल तर दोनदा विचारा.

नैसर्गिक तळं घेतलं की प्रश्न सुटला असंही नाही. नॉर्थ डकोटातलं डेव्हिल्स लेक हे पर्च आणि वॉलआय माशांसाठी नावाजलेलं. त्यातलं पाणी बाहेर जायला सहसा नैसर्गिक वाट नसते. १९९३ नंतरच्या ओल्या वर्षांत ते सुमारे ३० फूट चढलं आणि शेकडो घरं हलवावी किंवा पाडावी लागली.

आता मासे

गोड्या पाण्यातली अमेरिकन मासेमारी म्हणजे मुख्यतः लार्जमाउथ बास. आणि गंमत अशी की हा मासा पकडून बहुतेक लोक परत सोडून देतात. कालवणाचा विषयच नाही. टेक्सासमधल्या लेक फोर्कवर तर १६ ते २४ इंच लांबीचा बास सोडून द्यावाच लागतो, तसा नियम आहे. मोठे मासे तिथे टिकून आहेत ते यामुळेही. राज्याचा विक्रमी बास १९९२ साली याच तळ्यात मिळाला, वजन १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो.

बासला पाण्यातली झाडी लागते. हायड्रिला नावाची पाणवनस्पती त्याला फार मानवते. ती मूळची आपल्याच बाजूची, मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५० च्या दशकात फ्लोरिडात पोचली आणि पसरली. गळवाल्यांना ती हवी असते. घरवाल्यांना नको, कारण ती बोटीच्या पंख्यात अडकते आणि धक्क्याभोवती साचते. ह्यूस्टनजवळच्या कॉनरो तळ्यावर १९८१-८२ मध्ये तिला खायला सुमारे २ लाख ७० हजार ग्रास कार्प, म्हणजे आपला गवत्या, सोडले. दोनेक वर्षांत झाडी साफ. बासवाले भडकले, काठावरचे खूश. तुम्ही दोन्ही असाल तर भांडण घरातच.

केंटकी तळ्यावर वेगळीच डोकेदुखी आहे. आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तो चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, तिथे बेसुमार वाढलाय. बोटीच्या आवाजाने तो पाण्याबाहेर उड्या मारतो आणि माणसांना लागतोसुद्धा. लोकांनी तो खावा म्हणून इलिनॉय राज्याने २०२२ साली या माशांना 'कोपी' असं नवं नाव दिलं.

फ्लोरिडातलं ओकीचोबी हे बासचं आणखी एक मोठं नाव, ७३० चौरस मैलांचं आणि तरी उथळ. १९२८ च्या चक्रीवादळात त्याचं पाणी काठ ओलांडून आलं आणि किमान अडीच हजार माणसं गेली. त्यानंतर भोवती १४३ मैलांचा बांध घातला. त्यामुळे काठच्या गावात घर घेतलं तरी खिडकीतून बांध दिसतो, तळं नाही. २०१६ साली तिथे निळं-हिरवं शेवाळ इतकं माजलं की आणीबाणी जाहीर करावी लागली.

वय वाढणार आहे, हेही धरा

घराचा नेहमीचा विमा तिकडे पुराचं नुकसान भरून देत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत घराच्या इमारतीसाठी कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर आणि पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते. म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर फोन करून उपयोग नाही.

करांत सवलती आहेत, त्या बघाव्यात. टेक्सासमध्ये पासष्टीनंतर राहत्या घरावरचा शाळेचा कर गोठतो. अलाबामात ६५ पूर्ण झालेल्या रहिवाशाला मासेमारीचा परवानाही लागत नाही.

पण खरा घोळ पायऱ्यांचा. डोंगराळ तळ्यांवर घर वर आणि धक्का खाली असतो. साठाव्या वर्षी ५०-६० पायऱ्या काही वाटत नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर धक्का फक्त खिडकीतून बघायचा. हॉस्पिटलचंही तसंच. हृदयाचा झटका हाताळू शकेल असं हॉस्पिटल रात्री गाडीने किती मिनिटांवर आहे, हे स्वतः एकदा गाडी चालवून बघायचं. मॅपवरचं अंतर सरळ असतं आणि तळ्याकाठचे रस्ते प्रत्येक खाडीला वळसा घालत जातात. नवराबायकोतला एकच गाडी चालवत असेल तर हा मुद्दा माशांच्याही आधी येतो.

सेप्टिक टँकचं वय विचारायचं, कारण अशा बऱ्याच ठिकाणी गटारांची लाइन नसते. शनिवार-रविवारी समोरून किती स्पीडबोटी जातात हेही बघायचं.

एवढं सगळं जुळलं तरी लगेच सही करू नका. आधी त्या तळ्यावर महिनाभर भाड्याने राहा, आणि तेही तिथल्या सगळ्यात वाईट महिन्यात. डग्लसला जानेवारीत, ओकीचोबीला ऑगस्टमध्ये. शेजारच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा की गेल्या दहा वर्षांत पाणी सगळ्यात वर कुठपर्यंत आलं आणि सगळ्यात खाली कुठपर्यंत गेलं. तो बोट दाखवून सांगेल. मग त्या दोन्ही खुणांपर्यंत स्वतः चालत जाऊन या.