अठरा जून : पिस्तूल धरलेला हात

दर वर्षी १८ जूनला आम्ही मडगावच्या लोहिया मैदानावर जमतो. हार घालतो, भाषणं ऐकतो आणि पाऊस यायच्या आत घर गाठायचं बघतो. लहानपणापासून गोष्ट ऐकली ती एकच : अधिकाऱ्यानं पिस्तूल रोखलं, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. हात सारणाऱ्याबद्दल पुष्कळ लिहून झालं. ज्याचा हात सारला गेला, त्याच्याविषयी हे छोटं टिपण.

डॉ. राममनोहर लोहिया जून १९४६ मध्ये असोळण्याला आले ते विश्रांतीसाठी, मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी. एप्रिलमध्येच ते तुरुंगातून सुटले होते. लाहोरच्या किल्ल्यात ब्रिटिशांच्या पोलिसांनी त्यांना झोपूसुद्धा दिलं नव्हतं. म्हणजे पोलिसी खाक्या काय असतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

गोव्यात परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी. तरी १८ जूनला भर पावसात लोक जमले आणि दोघे घोडागाडीतून आले. समोर मडगावचे प्रशासक कॅप्टन फोर्तुनातो मिरांडा, हातात पिस्तूल. लोहियांनी तो हात सारला, शांत राहायला सांगितलं आणि बोलायला उभे राहिले. दोघांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी सोडून देण्यात आलं.

आता जरा कॅप्टनच्या जागी उभं राहून बघू. हुकूम लिस्बनच्या राजवटीचा, पण तो अमलात कसा आणायचा हे ठरवायचं मैदानावरच्या माणसानं. चारचौघांत हात झिडकारला गेलेला, भोवती गर्दी, विचाराला क्षणभरसुद्धा सवड नाही. अशा वेळी चाप ओढला जाणं काही कठीण नव्हतं. तो ओढला गेला नाही. त्याच्या मनात काय होतं, भीती की हिशेब की माणुसकी, यावर मी काही रचणार नाही. मला त्याला नायकही करायचं नाही. अटक त्यानंच केली. पण गोळी न झाडणं हाही एक निर्णयच होता, एवढं तरी नोंदवायला हवं.

पुढं सत्तेनं असा आमनेसामनेचा प्रसंगच टाळला. २९ सप्टेंबरला लोहिया परत आले, तेव्हा त्यांना कुळे स्टेशनवरच धरलं, आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं आणि ८ ऑक्टोबरला गोवाबंदी घालून बाहेर काढलं. नऊ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर मात्र सरळ गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसं गेली. पत्रादेवीचं स्मारक त्याचीच आठवण आहे.

मडगाव आणि पत्रादेवी, दोन्हीकडे राजवट तीच, समोरचे लोकही नि:शस्त्रच. मग फरक कशानं पडला? वरून आलेल्या हुकमानं बराच, हे खरं. पण बंदुकीमागच्या माणसाला किती मोकळीक होती आणि त्यानं ती कशी वापरली, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

उत्तराचा काही भाग आपल्याच घरांत असेल. त्या काळी पोलिसांत चाकरीला असलेल्यांची नातवंडं आज आपल्यातच आहेत. आजोबांचं नाव घेताना ती गप्प होतात, हे मी पाहिलंय. सैनिकांच्या आठवणी आपण जमवल्या; या आठवणीही जमवूया. न्यायनिवाडा नंतर करू, आधी ऐकून तर घेऊ.