पर्वतीच्या पायऱ्या

पुण्यांत परगांवचा पाहुणा आला म्हणजे त्याला पर्वती दाखवावयाची, हा रिवाज फार जुना आहे. रविवार पाहून बेत ठरतो. आदल्या रात्रीं घरांत दशम्या होतात, लसणीच्या चटणीची पुरचुंडी बांधली जाते, आणि उन्हें चढण्यापूर्वीं पायथा गांठावयाचा असें सर्वांना बजावून सांगण्यांत येतें. मुलें पायऱ्या मोजीत पुढें धांवतात. पायऱ्या १०३ आहेत असें म्हणतात. पण दोन भावंडांचा हिशेब सहसा जुळत नाहीं, आणि मग पुन्हां खालीं जाऊन मोजण्याची पैज लागते. आजीबाई मध्यें दोनदां टेकतात. वर गेल्यावर दर्शन, प्रदक्षिणा, मग तटाशीं उभें राहून शहर न्याहाळणें, आणि शेवटीं सावली शोधून फराळ. या सहलीला कांहीं फारसा खर्च नाहीं, आणि तिच्यासाठीं कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं.

हा सहजपणा मात्र या टेकडीला पहिल्यापासून नव्हता. तो कसा आला हें समजून घ्यावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे.

टेकडीवर पूर्वीं आसपासच्या गांवकऱ्यांची देवी होती. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांचा पाय दुखत असतां त्यांनीं या देवीला नवस केला व त्यांना गुण आला, अशी कथा सांगतात. कथा कशीहि असो, त्यांचे चिरंजीव नानासाहेब पेशवे यांनीं १७४९ सालीं येथें देवदेवेश्वराचें देऊळ उभें केलें हें निश्चित आहे. मध्यें शंकर व चार कोपऱ्यांस सूर्य, गणपति, देवी आणि विष्णु अशी ही पंचायतनाची मांडणी आहे. पुढें कार्तिकस्वामी व विठ्ठल यांचीं देवळें झालीं. टेकडीच्या पायथ्याशीं आंबील ओढ्याचें पाणी अडवून तळें करण्यांत आलें. त्या तळ्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७८४ सालीं, गणपतीची स्थापना झाली. तळें आतां राहिलें नाहीं. त्याच्या जागीं सारसबाग आहे. पण जुनीं माणसें त्या देवाला अद्यापि तळ्यांतला गणपतिच म्हणतात.

पर्वती हें पेशव्यांच्या घरचें देवस्थान होतें. त्या घराण्याचीं सुखदुःखें या टेकडीनें जवळून पाहिलीं. पानिपतची वार्ता आल्यावर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजीं येथेंच वारले. दुसऱ्या बाजीरावांनीं ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई याच टेकडीवरून पाहिली. लढाई एका दिवसाची, पण तिच्याबरोबर एक राज्य संपत आलें होतें. पायथ्याच्या रमण्यांत श्रावणमासीं विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जात असे. या दानधर्माची कीर्ति दूरवर पसरली होती. राज्य गेल्यानंतर कंपनी सरकारनें त्या दक्षिणेचा कांहीं भाग संस्कृत पाठशाळेकडे वळविला, आणि १८२१ सालीं पुण्यास ती पाठशाळा निघाली.

पेशवाई गेली तरी देवस्थान राहिलें. शहरांतील कुटुंबें मोकळेपणानें वर जाऊं लागलीं. नवविवाहित जोडपीं जाऊं लागलीं. परीक्षा संपली कीं विद्यार्थी जाऊं लागले. वैद्यांनीं सांगितलें म्हणून पेन्शनर रोज पहांटे चढूं लागले. पर्वती सर्व पुण्याची झाली, असें लोक म्हणूं लागले. परंतु या 'सर्व पुण्यां'त एक मोठा भाग मोजलेला नव्हता. शहर झाडणारे, जोडे शिवणारे, वेशीबाहेर राहणारे जे लोक अस्पृश्य गणले जात, त्यांना देवळांत पाऊल टाकण्याची मनाई होती. त्यांच्याहि घरीं मुलें होतीं, म्हातारीं माणसें होतीं, नवस होते. टेकडी त्यांना आपल्या झोंपडीच्या दारांतून दिसत होती, आणि तेवढ्यावरच त्यांनीं समाधान मानावें अशी समाजाची अपेक्षा होती.

ही अपेक्षा त्यांनीं १९२९ सालीं नाकारली. त्यापूर्वीं दोन वर्षें महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों सहकारी प्याले होते, आणि त्या घटनेचा प्रतिध्वनि सर्व महाराष्ट्रांत उमटला होता. पुण्यांत शिवराम जानबा कांबळे हे जुने कार्यकर्ते होते. १९०८ सालापासून 'सोमवंशीय मित्र' हें पत्र चालवून त्यांनीं आपल्या समाजाचीं गाऱ्हाणीं मांडलीं होतीं. त्यांच्यासह पां. ना. राजभोज प्रभृति तरुण मंडळी पुढें आली. देवळाच्या विश्वस्तांकडे प्रवेशाची मागणी करण्यांत आली व ती नाकारली गेली. तेव्हां १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं सत्याग्रहास आरंभ झाला. तो वार रविवार होता. म्हणजे ज्या वारीं इतर कुटुंबें फराळाचे डबे घेऊन वर जात, तोच.

सत्याग्रही पायऱ्यांपाशीं पोंचले तेव्हां देवळाचा दरवाजा बंद होता. विरोधकांनीं दगडफेक केली. कांहीं सत्याग्रही जखमी झाले. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखी सवर्ण समाजांतील मंडळीहि सत्याग्रहांत होती. त्यांनाहि शिव्याशाप व मार यांचा वांटा मिळाला. डॉ. आंबेडकरांनीं चळवळीस पाठिंबा दिला. सत्याग्रह कांहीं महिने चालला, पण दरवाजा उघडला नाहीं. त्याच सुमारास, २ मार्च १९३० रोजीं, नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो तर वर्षानुवर्षें चालला.

या प्रयत्नांस तात्काळ यश आलें नाहीं म्हणून ते व्यर्थ गेले असें कोणी म्हणूं नये. बंद दरवाजासमोर उभ्या राहिलेल्या माणसांनीं शहराला एक प्रश्न विचारला होता, आणि तो पुन्हां विसरतां येणें शक्य नव्हतें. १९४७ सालीं मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. त्याच वर्षीं पंढरपूरच्या विठोबाचें द्वार सर्वांना उघडावें म्हणून साने गुरुजींनीं उपोषण केलें. २६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना अमलांत आली व तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर केलें.

आज पर्वतीवर कोणी कोणाची जात विचारीत नाहीं. रविवारीं सकाळीं पायऱ्यांवर माणूस मावत नाहीं. वरच्या वाड्यांत पेशव्यांच्या वेळच्या वस्तु मांडलेल्या आहेत. नानासाहेबांची समाधि आहे. मुलांना तीं आवर्जून दाखविलीं जातात, आणि तें योग्यच आहे. राजांचा व लढायांचा इतिहास मुलांना कळावयास हवा. परंतु वडीलधाऱ्यांनीं उतरतांना, पायथ्याच्या पायरीशीं क्षणभर थांबून, १९२९ च्या त्या रविवारची हकीकतहि सांगावी. त्या दिवशीं जीं माणसें दगड खात उभीं होतीं त्यांना राज्य नको होतें, दक्षिणा नको होती. देवाचें दर्शन घ्यावें, प्रदक्षिणा करावी आणि चारचौघांसारखें घरीं परतावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें. ज्या मुलाला हें कळेल तें पुढच्या खेपेस पायऱ्या मोजतांना थोडें सावकाश मोजील.