समोरून येणारी लोकल एवढी सुसाट का वाटते? घाटकोपर-मुलुंडचं गणित आणि मुंब्र्याचं वळण

9 जून 2025, सोमवार. सकाळची ऑफिसची गर्दी. मुंब्रा आणि दिवा या स्टेशनांच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या. एक कसाऱ्याकडे निघालेली, दुसरी सीएसएमटीकडे. दोन्हींच्या दारात माणसं लटकलेली होती आणि ती एकमेकांना घासली गेली असावीत, असं रेल्वेने सांगितलं. रुळांवर पडलेल्यांपैकी चार जणांचा त्या दिवशी मृत्यू झाला.

रोज दारात उभं राहणाऱ्याला आपल्या गाडीचा वेग अंगवळणी पडलेला असतो. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग मात्र त्याच्या अंदाजात बसत नाही. असं का होतं, याचं उत्तर शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितात आहे. त्याला म्हणतात सापेक्ष वेग.

आधी सोपं गणित घेऊ. घाटकोपर ते मुलुंड अंतर साधारण 12 किलोमीटर. घाटकोपरहून एक लोकल ताशी 60 किमी वेगाने मुलुंडकडे निघाली. त्याच क्षणी मुलुंडहून दुसरी ताशी 40 किमी वेगाने घाटकोपरकडे निघाली. मधे कुठेच थांबा नाही असं धरू (मुंबईत हे धरायला जरा धाडस लागतं). त्या कधी भेटतील?

इथे बरेच जण दोन्ही गाड्यांचा वेगवेगळा हिशोब मांडत बसतात. शाळेत मीही तेच करायचो आणि हमखास चुकायचो. त्याऐवजी फक्त दोघींमधल्या अंतराकडे बघा. पहिली गाडी ते तासाला 60 किमीने कमी करतेय, दुसरी 40 ने. म्हणजे अंतर तासाला 100 किमीने कमी होतंय. 12 भागिले 100 म्हणजे 0.12 तास, अर्थात 7 मिनिटं 12 सेकंद. तेवढ्या वेळात घाटकोपरची गाडी 7.2 किमी गेली, मुलुंडची 4.8 किमी. भेट भांडुपच्या आसपास.

स्पर्धा परीक्षेत यात एक खोडा घालतात. घाटकोपरची गाडी 9 वाजता सुटली, मुलुंडची 9:03 ला. आता सरळ 12 ला 100 ने भागलं की उत्तर चुकलं, कारण पहिली तीन मिनिटं एकच गाडी धावत होती. त्या वेळात ती 3 किमी गेली. उरले 9 किमी, आणि बेरजेचा वेग इथून पुढे लावायचा. 5 मिनिटं 24 सेकंद. भेट 9 वाजून 8 मिनिटं 24 सेकंदांनी.

आता खिडकीत बसा. समोरच्या लोकलची लांबी 250 मीटर धरू. ताशी 100 किमी म्हणजे सेकंदाला जवळपास 27.8 मीटर (किमीचं मीटर-सेकंद करायला 5/18 ने गुणायचं). म्हणजे ती अख्खी गाडी तुमच्या डोळ्यांसमोरून 9 सेकंदांत निघून जाते. दोन्ही गाड्यांनी एकमेकींना पूर्ण ओलांडायला मात्र 18 सेकंद लागतात, कारण तिथे दोघींची लांबी मोजावी लागते. परीक्षेत मार्क जातात ते याच फरकात.

त्याच दोन गाड्या एका दिशेने जात असतील तर? फास्ट लोकल स्लोला मागे टाकते, तसं. तेव्हा वेगांची वजाबाकी होते. 60 वजा 40, फक्त 20. तीच 250 मीटरची गाडी तुमच्या खिडकीसमोरून सरकायला 45 सेकंद घेते. पलीकडच्या गाडीतल्या माणसाच्या हातातल्या पेपरचा मथळा वाचून होतो, तो यामुळेच.

दारात लटकलेल्या माणसासाठी हा फरक जिवावरचा आहे. दोन्ही गाड्या ताशी 60 ने येत असतील तर समोरची गाडी त्याच्या दिशेने ताशी 120 ने येते, सेकंदाला 33 मीटर. काही दिसल्यावर शरीर हलायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात मधलं 8 मीटरहून जास्त अंतर संपलेलं असतं. आत सरकायचं ठरवलं तरी मागे गर्दी. त्यात वळणावर रूळ एका बाजूने उंच असतात, डबे कलतात, आणि लांब डब्याची टोकं किंवा मधला भाग रुळाबाहेर झुकतो. दोन गाड्यांमधलं अंतर सरळ मार्गावर असतं तेवढंच राहील, हे तिथे धरून चालत नाही. पाठीवरची सॅक तर उरलेल्या जागेतही घुसते.

एक गैरसमज इथेच दूर करू. दोन सारख्या गाड्या प्रत्येकी 60 ने समोरासमोर आदळल्या, तर प्रत्येकीला बसणारा दणका 60 च्या वेगाने भिंतीवर आदळण्याएवढाच असतो, 120 च्या नाही. दोघीही थांबतात, दणका वाटला जातो. पण सॅकचा पट्टा समोरच्या लोकलला अडकला तर वाटणी होत नाही. शेकडो टनांच्या गाडीला माणसाच्या वजनाने काहीच फरक पडत नाही. तिथे पूर्ण 120 चा झटका माणसाच्या वाट्याला येतो.

आपोआप बंद होणाऱ्या दारांची पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून चर्चगेटकडे धावली होती. साध्या लोकलला तशी दारं लावण्यात अडचण हवेची होती, कारण दार बंद झालं की गर्दीत माणसं गुदमरणार. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकलसाठीही बंद होणाऱ्या दारांचा आराखडा जाहीर केला. त्यात दारांना हवा खेळती ठेवणाऱ्या झडपा, छतावर हवा आत ढकलणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल अशी वाट आहे.